न खोकणारा क्षय

कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर क्षयरोगाची पाटी असते. पेणला आहे, रोह्याला आहे, आणि आतल्या एखाद्या वाडीच्या उपकेंद्रावरही आहे. पाटीवरचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच : दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सल्ला लाखमोलाचा आहे. या एका वाक्याने किती माणसे वेळेवर दवाखान्यात पोचली असतील याची गणती नाही. पण पाटी वाचून अगदी निर्धास्त होणारा माणूसही मी पाहिला आहे. ‘आपल्याला खोकला नाही, म्हणजे आपल्याला टी.बी. नाही,’ असे त्याचे सरळ गणित. ते गणित चुकीचे आहे. भारतात नोंद होणाऱ्या दर चार-पाच क्षयरुग्णांमागे एकाचा क्षय फुप्फुसाच्या बाहेर असतो. तो मानेत असतो, मणक्यात असतो, आतड्यात, मूत्रपिंडात, गर्भाशयात, मेंदूच्या आवरणात, डोळ्यातसुद्धा असतो. केस आणि नखे सोडून क्षय कुठेही होऊ शकतो असे डॉक्टर मंडळी म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

क्षयाचे जे चित्र आपल्या मनात ठसले आहे ते मराठी कादंबरीने आणि हिंदी सिनेमाने रंगवलेले आहे. फिकट चेहऱ्याची नायिका, खोकल्याची उबळ, रुमालावरचा रक्ताचा डाग आणि दूरवरचे सॅनेटोरियम. पाठ दुखणारा शिपाई किंवा मानेवर ओढणी लपेटून बसणारी कारखान्यातली मुलगी या चित्रात कुठेच नाही. वास्तविक मराठी माणसाच्या परिचयातला सर्वांत प्रसिद्ध क्षयरोगी म्हणजे थोरले माधवराव पेशवे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले, आणि त्यांचा राजयक्ष्मा आतड्यांचा असावा असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. पण ‘राजयक्ष्मा’ म्हटले की आपल्याला छातीच आठवते.

जंतूचा प्रवास समजून घेतला तर यात गूढ काही उरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो बहुतेक वेळा श्वासावाटेच शरीरात शिरतो. फुप्फुसात बिऱ्हाड करतो आणि तिथून रक्तावाटे किंवा लसिकेवाटे हवा तिथे जातो. जिथे जातो तिथे कित्येक वर्षे निपचित पडून राहतो. मग कधी कुपोषण, कधी मधुमेह, कधी एच.आय.व्ही., कधी नुसतेच वय आडवे येते, शरीराचा पहारा ढिला पडतो आणि हा जुना भाडेकरू मालकी हक्क सांगू लागतो. पहिल्या बिऱ्हाडाचा, म्हणजे फुप्फुसाचा, फोटो तोवर अगदी स्वच्छ असू शकतो.

पेटी उचलून झालेले दुखणे

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी रोह्याच्या शाखेत होतो. कुंडलिकेच्या काठचे हे गाव. बँकवाल्याला त्याचा एक वेगळा अभिमान असतो, कारण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण इथले. शाखेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पगाराचे दिवस आले की रोकड फार, आणि रोकडीच्या लोखंडी पेट्या उचलणे हे मामांचे काम. मामांची पाठ दुखू लागली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने निदान केले : पेटी. मामांनाही ते पटले. ज्याला कारण सापडले त्याला दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही.

मग सुरू झाली ती आपल्याकडची नेहमीची परिक्रमा. बाम झाला, शेक झाला. शेजारच्या गावात हाडे बसवणारा एक होता, त्याने पाठ रगडून दिली. दुखणे थांबवणारी इंजेक्शने झाली, कमरेचा पट्टा झाला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तसला प्रकार. या अवधीत मामांचे वजन उतरत होते. संध्याकाळी अंगात कणकण असे. रात्री दुखणे वाढे, आडवे पडूनही आराम नसे. पेटीने दुखावलेली पाठ विश्रांतीने थोडी तरी बरी व्हायला हवी होती. एक दिवस जिन्यावर थांबून ते म्हणाले, ‘‘साहेब, पाय सापडत नाय. पायरी हाय का नाय तेच कलत नाय.’’ मुंबईच्या रुग्णालयात फोटो काढले तेव्हा पाठीचे दोन मणके कुरतडलेले निघाले आणि शेजारी पुवाचा गोळा. तो मज्जारज्जूवर दाब देत होता.

लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या दुखण्याचे वर्णन केले : पाठीला येणारा बाक आणि त्यापाठोपाठ निकामी होणारे पाय. आजही डॉक्टर त्याला पॉटचा आजार म्हणतात. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या मणक्यांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. जंतू मणक्यांच्या मधली जागा आणि तिच्या दोन्ही बाजूंची हाडे पोखरतो, मणका पुढच्या बाजूने ढासळतो आणि पाठीवर कुबड येते. जो पू साचतो तो साध्या गळवासारखा तापत नाही, लाल होत नाही. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. पाठीत तयार झालेला पू स्नायूंच्या वाटेने ओघळत जांघेत येऊन उभा राहतो आणि उपचार जांघेच्या गाठीवर चालू होतात.

मामांना वर्षभराहून अधिक काळ गोळ्या खाव्या लागल्या. ते पुन्हा चालू लागले, पण काठी सुटली नाही. सहा महिने आधी निदान झाले असते तर कदाचित काठीही लागली नसती. मणक्याच्या क्षयात सगळा खेळ या ‘आधी’चा आहे. पाय जाण्यापूर्वी औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियासुद्धा लागत नाही. हा आजार हमालाला आणि शिपायालाच होतो असेही नाही. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’चे चित्रीकरण सुरू असताना आपल्याला मणक्याचा क्षय होता आणि रोज मूठभर गोळ्या घेऊन आपण कॅमेऱ्यासमोर बसत होतो, हे अमिताभ बच्चन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाने ते सांगितले म्हणून पुष्कळांची भीड चेपली.

पासबुकातली ओळ

फुप्फुसाबाहेरच्या क्षयात सर्वांत अधिक आढळतो तो गाठींचा क्षय. आपल्या जुन्या वैद्यकात त्याला गंडमाळा म्हणत. मानेवर एकापाठोपाठ एक गाठी येतात, बहुधा दुखत नाहीत, पुढे एकमेकींना चिकटतात आणि कधीकधी फुटून वाहतात. युरोपात राजाने हात लावला की हा रोग बरा होतो अशी समजूत होती. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी, १७१२ साली, याच कारणासाठी राणी अ‍ॅनसमोर नेले होते. राणीच्या हस्तस्पर्शाने त्यांच्या गाठी गेल्या नाहीत. मानेवरचे व्रण जन्मभर राहिले.

पेणच्या शाखेत असताना, २०१८ साली, एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी, विशीच्या आतबाहेरची. गळ्याभोवती ओढणी घट्ट. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सरकारने क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये थेट बँक खात्यात द्यायला सुरुवात केली होती. खाते उघडायला त्या आल्या होत्या. फॉर्म भरून झाला, अंगठे-सह्या झाल्या, तरी बाई उठेनात. शेवटी टेबलावर वाकून हळूच विचारले, ‘‘साहेब, पैसे जमा व्हतील तेव्हा पासबुकात टी.बी.चं नाव छापून येतं का हो? हिचं बघायचं चाललंय.’’

बँकेच्या नोकरीत मला हजारो प्रश्न विचारले गेले. व्याजाचे, जामिनाचे, वारसाचे. या प्रश्नाइतका जड प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. पाचशे रुपये हवेत, पण त्या पाचशेंची ओळ नको. मी त्यांना सांगितले, की नोंद काहीतरी येईलच, पण पासबुक तुमचे आहे, ते कोणाला दाखवायची सक्ती नाही. त्या गेल्या. पुढे कळले ते असे : मुलगी औषध घ्यायला रांगेत उभी असलेली कोणीतरी पाहिली आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. तिने मात्र सहा महिन्यांची औषधे न चुकता पूर्ण केली. गाठी विरल्या आणि वर्षा-दीड वर्षाने लग्नही झाले.

सोयरीक मोडणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती भिंतीवरच्या पाटीवरही नसते. नुसत्या गाठीचा, मणक्याचा, आतड्याचा क्षय एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. जंतू पसरतो तो फुप्फुसातून, खोकल्याच्या तुषारांवाटे. छातीचा फोटो आणि बेडका तपासून फुप्फुस स्वच्छ असल्याची खात्री झाली की अशा रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काही कारण उरत नाही. ज्या रोगाची कोणाला बाधा होत नाही त्याच रोगापायी मुलीचे लग्न मोडावे, ही शिक्षा रोगाहून मोठी आहे.

याहूनही मुकाट्याने सोसला जातो तो गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा क्षय. ना ताप, ना वेदना. केवळ मूल होत नाही. दोष बाईच्या पदरात पडतो, नवस होतात, आणि कित्येकदा दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. नलिका एकदा बुजल्या की औषधाने जंतू मरतात, नलिका मात्र मोकळ्या होतीलच असे नाही. इथेही प्रश्न ‘आधी’चाच. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मूल होत नाही आणि एखाद्या चाचणीच्या कागदावर क्षयाच्या जंतूचा अंश दिसला, एवढ्या एका पुराव्यावर बाईला महिनोन्‌महिने गोळ्या चारणेही बरोबर नव्हे. निदान न होणे वाईट, तसेच उगाच होणेही वाईट.

पुरावा कुठून आणायचा?

फुप्फुसाच्या क्षयात पुरावा रुग्ण स्वतःच डबीत आणून देतो. बाकीच्या ठिकाणी तो आतून काढावा लागतो. मानेच्या गाठीत सुई घालून, छातीतले किंवा पोटातले पाणी काढून, पाठीच्या कण्यातून द्रव काढून, हाडाचा तुकडा काढून. शिवाय तिथे जंतूंची संख्या फार थोडी. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून माणूस घरी जातो. मूत्रपिंडाच्या क्षयात तर लघवीत पू सापडतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाही. वारंवार असे झाले तर क्षयाचा संशय घ्यायला हवा. प्रत्यक्षात प्रतिजैविकांचा आणखी एक कोर्स दिला जातो.

एके काळी रक्ताच्या थेंबावरून क्षय ओळखून देणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या गावोगाव चालत. त्या इतक्या बेभरवशाच्या होत्या की जून २०१२ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. त्यांच्या जागी आता जंतूची जनुकीय खूण ओळखणारी यंत्रे आली आहेत. काही तासांत जंतू आहे की नाही आणि तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे कळते. यातले ‘ट्रूनॅट’ हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे आहे आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. पण यंत्र कितीही हुशार असले तरी नमुना नीट पोचला पाहिजे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो. मग कल्चर होत नाही आणि जंतू औषधाला दाद देईल का हे समजत नाही. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवायचा, एवढेच काम. त्याला पैसे लागत नाहीत, आठवण लागते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नातेवाइकाने तेवढे विचारायला हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र थांबायला वेळच नसतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय दिवसागणिक पुढे सरकतो. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, ओकाऱ्या, मूल चिडचिडे होणे, खेळ सोडून निजून राहणे. घरचे म्हणतात दृष्ट लागली, नाहीतर पित्त झाले. झटके येऊन शुद्ध हरपल्यावर गाडी शोधली जाते. तोवर जीव वाचला तरी दृष्टी, श्रवण किंवा बुद्धी जायची शक्यता असते. जन्मतः दिलेली बी.सी.जी. लस मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नसली तरी लहान मुलाला या भयंकर प्रकारापासून बरेच संरक्षण देते. दंडावरचा तो छोटा व्रण किरकोळ समजू नये.

अग्रक्रमाचे शास्त्र

बँकेत ‘प्रायॉरिटी सेक्टर’ नावाची एक चीज असते. कोणाला आधी कर्ज द्यायचे ते वरून ठरवून येते. उद्देश चांगला असतो, पण यादीत नसलेला माणूस काउंटरपाशी ताटकळतो. क्षयरोगाच्या बाबतीत असेच झाले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९९७ मध्ये तो नव्या स्वरूपात आला आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. त्याचा सगळा भर बेडक्यात जंतू सापडणाऱ्या रुग्णांवर होता. त्यामागे तर्क होता, कारण रोग पसरवतात ते हेच रुग्ण. गंभीर नसलेला फुप्फुसाबाहेरचा क्षय सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गात टाकलेला होता. या रुग्णांसाठी भारताची स्वतंत्र मार्गदर्शक सूचनावली तयार व्हायला २०१६ साल उजाडले.

आज औषधे मोफत आहेत, २०१७ पासून ती रोज घ्यायची असतात, आणि २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही प्रत्येक क्षयरुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची शोधमोहीम सुरू झाली. हातात मावणारी एक्स-रे यंत्रे घेऊन पथके वस्त्यांवर गेली. फार चांगले झाले. पण छातीचा एक्स-रे मामांचा मणका दाखवीत नाही आणि ओढणीखालची गाठही दाखवीत नाही. त्यासाठी कोणीतरी विचारावे लागते.

विचारणार कोण, याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. रायगड अजून कुलाबा होता तेव्हा, १९७०च्या दशकात, डॉ. नोशीर अंतिया यांनी मांडव्याच्या परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. पदवी नसलेली गावची बाई घराघरांतले दुखणे बाहेरच्या तज्ज्ञाहून लवकर ओळखू शकते, हा त्यांचा विश्वास होता. आजची आशाताई ही त्याच विचाराची वारसदार म्हणावी लागेल. तिच्या वहीत खोकल्याच्या रकान्याशेजारी आणखी तीन प्रश्न असावेत : मानेत, काखेत गाठ आहे का? पाठ रात्रीची दुखते का? वजन उतरते आहे का? शाई तेवढी लागेल.

सहा महिने, आणि पोटाला अन्न

औषधोपचार बहुतेक प्रकारांत सहा महिन्यांचा, मणक्याच्या आणि मेंदूच्या क्षयात वर्षभराचा किंवा अधिक. लघवी नारिंगी होते, ती औषधाची खूण. घाबरायचे कारण नाही. भूक मरून डोळे पिवळे दिसले किंवा नजर धूसर झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गाठींच्या क्षयात एक चकवा असतो. औषध चालू असताना मध्येच गाठ वाढते किंवा नवी येते. शरीर मेलेल्या जंतूंशी झगडत असल्यामुळे असे पुष्कळदा होते. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून नेमका याच वेळी माणूस गोळ्या सोडतो. तसे करू नये, दाखवायला मात्र जावे.

पण गोळी रिकाम्या पोटी किती दिवस जाणार? पेण आणि रोह्याच्या डोंगरवाड्यांतले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या सहा महिन्यांत दोन गावे, कधी दोन जिल्हे येतात. कार्ड एका गावचे, माणूस दुसऱ्या गावी. औषध कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळू शकते, हे त्यांना सांगून पाठवले तर साखळी तुटत नाही. अन्नाचे महत्त्व आता पुराव्यानिशी सिद्ध झाले आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना नियमित शिधा दिला. त्या घरांतले नवे क्षयरुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाचे ५०० रुपये १,००० झाले आहेत. ती रक्कम वेळेवर, आणि आधारवरचे व खात्यावरचे नाव जुळत नाही म्हणून न अडकता पोचावी. नावातला एक काना दुरुस्त करायला रुग्णाच्या मजुरीचे दोन दिवस जातात, हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत रोग हद्दपार करण्याचा संकल्प आपण सोडला होता, तो पुरा झाला नाही. नवी तारीख ठरेल, नव्या पाट्याही रंगतील. त्या रंगवणाऱ्याने खोकल्याच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी : खोकला नसला तरी, संध्याकाळचा ताप, उतरते वजन आणि न दुखणारी गाठ किंवा रात्री जागवणारी पाठ घेऊन दवाखान्यात या. भिंतीवर जागा पुष्कळ आहे.